मांजराच्या पिल्लाची हगवण आणि पोटातले विरजण



गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्या आजारांवर आपण या कार्यक्रमात पुष्कळदा बोलतो. मांजराचे नाव मात्र सहसा निघत नाही. वास्तविक भाताची कणगी असो की ज्वारीची पोती, घरात धान्य आले की मागोमाग उंदीर येतो. खातो ते खातो, वर लेंड्यांनी आणि मुताने उरलेले नासवतो. म्हणून शेतकऱ्याच्या घरी मांजर हे नुसते लाडाचे नव्हे, कामाचे जनावर आहे. पण उंदीर धरणारी तयार मांजर काही बाजारात मिळत नाही. पिल्लू आणूनच वाढवावे लागते, आणि गाडे इथेच अडते. पिल्लू आणले, दूधभात घातला, चार दिवसांनी ते पातळ हगू लागले, पंधरा दिवसांत बरगड्या दिसू लागल्या आणि एके सकाळी चुलीपाशी थंड पडलेले सापडले. मग घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "आपल्या घराला मांजर लाभत नाही." मंडळी, लाभण्या-न लाभण्याचा इथे काही संबंध नाही. अशी पुष्कळ पिल्ले वाचवता येतात.

आजचा विषय कुर्ल्याहून आलेल्या एका पत्रावरून घेतला आहे. पत्र लिहिणारे मूळचे कोकणातले, नोकरीमुळे कुर्ल्याला चाळीत राहतात; गावी आईवडील भातशेती करतात. बैलबाजारच्या बाजूला, गल्लीत त्यांना मांजराचे पिल्लू सापडले. तेव्हा ते महिन्याचे असावे. गावी कणगीपाशी राखणीला होईल म्हणून त्यांनी ते घरी आणले. आता तीन आठवडे झाले. पिल्लू खाते, थोडे खेळतेही, पण शी बांधून होत नाही. कधी पाण्यासारखी, कधी शेणासारखी, कधी फेसाळ. सुरुवातीला दूध-पाव दिला, मग दूध-बिस्कीट. औषधाच्या दुकानातून माणसाची जुलाबाची गोळी आणून तिचा पाव तुकडा दिला. दोन दिवस थांबले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता शेजाऱ्यांनी प्रोबायोटिकची पुडी सुचवली आहे. ती द्यावी का, की आपले घरचे दहीच द्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. पुडी उपयोगाची आहे, पण ती पहिली पायरी नव्हे.

आपण हरभऱ्याच्या किंवा सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियमचे जिवाणू संवर्धन चोळतो, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे पाकीट. ते चांगलेच असते. पण रान चिबड असेल, वाफ्यात पाणी साचले असेल, तर नुसत्या पाकिटाने मुळांवर गाठी धरतील का? आधी पाण्याचा निचरा केला पाहिजे. प्रोबायोटिकचे अगदी तसेच आहे. त्या पुडीत जिवंत, उपयुक्त जिवाणू असतात. आतड्यात जागा, योग्य अन्न आणि थोडी शांतता मिळाली तरच ते काम करतात. वरून दूध चालू, पोटात जंत चालू, आणि पुडीही चालू, असे केले तर पुडीचे पैसे वाया गेले म्हणून समजा.

तेव्हा निचऱ्यापासून सुरुवात करू. आणि पहिला निचरा दुधाचा.

मांजर आणि दूध ही जोडी आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की दूध बंद करा म्हटले तर लोकांना ते क्रूरपणाचे वाटते. पण मांजरीचे दूध वेगळे आणि म्हशीचे वेगळे. मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतात. गाई-म्हशीच्या दुधात दूधसाखर, म्हणजे लॅक्टोज, शेकडा पाचच्या आसपास असते. ही साखर पचवणारा पाचकरस पिल्लू आईच्या अंगावर पिते तोवर भरपूर असतो, आणि आईचे दूध तुटू लागले की कमी कमी होत जातो. मग न पचलेली साखर आतड्यात पडून राहते, आपल्याकडे पाणी ओढून घेते आणि आंबते. पोट गुडगुडते, शी फेसाळ होते. त्यात म्हशीच्या दुधाची साय. कुर्ल्याचे ते पिल्लू तीन आठवडे दूध-पावावर आहे. फेसाळ शीचे निम्मे उत्तर मला तिथेच दिसते.

पिल्लू चार आठवड्यांहून लहान असेल आणि आई नसेल तर प्रकरण वेगळे. त्याला दुधावाचून चालणार नाही, पण ते मांजराच्या पिल्लांसाठी तयार मिळणाऱ्या भुकटीचे दूध हवे. शहरात ते मिळते. गावी पशुवैद्यकांना विचारून मागवून घ्यावे. चार आठवड्यांपुढे मऊ अन्न सुरू करावे, आणि आठव्या आठवड्यापर्यंत पिल्लू पूर्ण अन्नावर यावे. आई जवळ असेल तर आठ आठवड्यांच्या आत पिल्लू तोडूच नये. पुष्कळ घरी डोळे उघडले की पिल्लू उचलून आणतात. हगवणीचे मूळ पुष्कळदा त्या घाईत असते.

मग खायला काय द्यावे? मांजर हे मांसाहारी जनावर आहे. पाव, पोळी, बिस्कीट यांवर ते जगत नाही, नुसते पोट फुगते. पिल्लाला कोंबडीचे हाडाविरहित मांस पाण्यात उकडून, बोटांनी अगदी बारीक कुसकरून द्यावे. मीठ, मसाला काही नको. कोकणातल्या घरी ताजी मासळी असते. तीही उकडून, काटे नीट काढून चालेल. सुकट आणि खारा बोंबील मात्र नको, त्यात मीठ फार. कांदा आणि लसूण तर मांजराच्या रक्ताला विषासमान आहेत, म्हणून रश्शातले तुकडे धुऊन देऊ असेही करू नये. हगवण असताना कोंबडीत चमचाभर मऊ भात मिसळायला हरकत नाही. हे जेवण थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. शी बांधून आली की पिल्लांसाठी असलेले तयार खाद्य परवडत असेल तर ते सुरू करावे, कारण नुसत्या कोंबडीवर हाडांची वाढ नीट होत नाही. हा बदल आठवडाभरात हळूहळू करावा. गोबरगॅसच्या टाकीत एकाएकी भलतेच काही टाकले की गॅस बसतो, हे तुम्ही पाहिले आहे. पिल्लाचे आतडे त्याहून नाजूक असते.

इथे एक इशारा. मोठ्या माणसाचे पोट बिघडले तर आपण लंघन करतो. पिल्लाला लंघन घालू नये. त्याच्या अंगात साखरेचा साठा नसतोच म्हटले तरी चालेल. काही तास उपाशी राहिले की ते गळून जाते, थंड पडते. थंड पडलेल्या पिल्लाच्या तोंडात लगेच अन्न किंवा दूधही घालू नये. आधी फडक्यात गुंडाळून, कोमट पाण्याची बाटली कापडात लपेटून शेजारी ठेवून, ऊब आणावी आणि तसेच दवाखान्यात न्यावे.

पाण्याचेही तितकेच महत्त्व. अर्ध्या किलोच्या पिल्लाला दिवसाला अन्नातले धरून चाळीस-पन्नास मिलिलिटर पाणी लागते, आणि हगवणीत जाते ते निराळेच. म्हणजे वाटीभर पाण्याचा हिशेब चुकला की जीव धोक्यात. हिरडीला बोट लावून पाहावे. ओलसर गुळगुळीत लागली तर ठीक, चिकट कोरडी लागली तर अंगातले पाणी कमी झाले. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली आणि ती सावकाश खाली बसली, तरी तोच अर्थ. अशा वेळी दवाखान्यात पोचेपर्यंत साधी, स्वाद नसलेली जलसंजीवनी, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून, ड्रॉपरने गालाच्या बाजूने थेंब थेंब द्यावी. पिल्लाला उताणे धरू नये. पाणी छातीत जाते. पिल्लू ओकत असेल किंवा मान टाकत असेल तर तोंडाने काही देऊ नये.

आता दुसरा निचरा, जंतांचा. गोल जंत मांजरीच्या दुधातूनच पिल्लात उतरतात. म्हणून पिल्लू कितीही स्वच्छ जागी वाढले तरी त्याच्या पोटात जंत असू शकतात. पोट नगाऱ्यासारखे आणि पाठीचा कणा वर आलेला दिसला तर शंका पक्की करावी. जंतांचे औषध साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, दर दोन आठवड्यांनी, आठ-नऊ आठवड्यांचे होईपर्यंत देतात. एकदा दिले आणि झाले, असे नसते. औषध वजनावर ठरते, म्हणून पिल्लाचे वजन करावे. किराणावाल्याचा तराजूही चालतो. ठणठणीत पिल्लू दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढते. रोज सकाळी वजन लिहून ठेवा. दोन दिवस वजन वाढलेच नाही, तर शी कशीही दिसो, काही तरी बिघडले आहे.

जंतांखेरीज डोळ्यांना न दिसणारे जीवही असतात. कोक्सिडिया हा त्यातला एक. त्याचा कोंबड्यांतला भाऊबंद आपल्या कुक्कुटपालकांना रक्ती हगवणीमुळे चांगला परिचयाचा आहे. दुसरा जिआर्डिया, घाणेरड्या पाण्यातून येणारा. तीन-तीन आठवडे चालणाऱ्या हगवणीत या दोघांकडे बोट दाखवायला जागा असते, आणि साध्या जंताच्या औषधाने ते जातीलच असे नाही. म्हणून ताजी शी झाकणाच्या स्वच्छ डबीत घेऊन तपासायला द्यावी. एका नमुन्यात काही सापडले नाही तरी पुन्हा एकदा द्यावी. कुर्ल्याच्या श्रोत्यांना हे अवघड नाही. मध्य रेल्वेची धीमी गाडी धरली की परळ चौथे स्टेशन. तिथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे, आणि परळलाच १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. गावच्या मंडळींनी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. "मांजर काय आणले?" असे कोणी हसून म्हणाले तर हसू द्यावे.

आता पुडीकडे वळू.

प्रोबायोटिक म्हणजे विरजणच, पण दुधाला लावायचे नव्हे, आतड्याला लावायचे. आतड्यात कोट्यवधी जिवाणू नांदत असतात. ते अन्न पचवायला हातभार लावतात, आणि जागा अडवून धरल्यामुळे वाईट जिवाणूंना पाय रोवू देत नाहीत. हगवण लांबली, किंवा तीव्र औषधे पोटात गेली, की ही वस्ती उठते. पुडीतले जिवाणू तिला तात्पुरता आधार देतात. तात्पुरता म्हणतो, कारण पुडी बंद केली की त्यातले बरेचसे निघून जातात. तोवर मूळची वस्ती सावरावी, एवढाच हेतू.

याचा खरोखर उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेतल्या एका प्राणी-निवाऱ्यात प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. मांजरांच्या एका गटाला अन्नातून एन्टेरोकॉकस फेशियम या जिवाणूचा एक ठरावीक वाण दिला, दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा पण जिवाणू नसलेला पदार्थ दिला. दोन दिवस किंवा अधिक हगवण लागलेली मांजरे पहिल्या गटात शंभरात सुमारे सात, दुसऱ्यात शंभरात सुमारे एकवीस. फरक चांगलाच आहे. पण त्याच निवाऱ्यातल्या कुत्र्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. म्हणजे बियाण्याप्रमाणे इथेही वाण पाहावा लागतो. हरभऱ्याचे संवर्धन भुईमुगाला चालत नाही. म्हणून माणसासाठीची, गोड किंवा फळांच्या स्वादाची पुडी आणू नये. मांजरांसाठी असलेली, वाणाचे नाव आणि अखेरची तारीख छापलेली मागावी. काही पशुवैद्यक सॅकरोमायसिस बोलार्डी नावाचे किण्व देतात. ते किण्व असल्यामुळे जिवाणूनाशक औषधाने मरत नाही, हा त्याचा फायदा. कोणते आणि किती, हे त्यांनीच वजन पाहून ठरवावे. मी शेतीचा पदवीधर. मात्रा सांगणे हे माझे काम नव्हे.

वापरण्याची रीत मात्र तुम्हाला नवीन नाही. जिवाणू संवर्धनाचे पाकीट आपण उन्हात ठेवत नाही, मुदत उलटलेले घेत नाही आणि रासायनिक बुरशीनाशकात कालवत नाही. इथेही तेच. पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत, चुलीजवळच्या फळीवर पुडी ठेवू नये. कोरड्या, गार जागी ठेवावी. गरम अन्नात घालू नये; अन्न बोटाला कोमट लागेल इतके निवल्यावर वरून भुरभुरावी. पशुवैद्यकांनी जिवाणूनाशक औषध दिले असेल तर ते आणि पुडी यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. गुण दिसायला तीन ते पाच दिवस लागतात, आणि शी बांधून आल्यावरही काही दिवस ती चालू ठेवतात. आठवडा उलटूनही काहीच फरक नसेल तर दुसरी पुडी आणण्यापेक्षा शी पुन्हा तपासावी.

आणि दही? दह्यात दूधसाखर दुधापेक्षा कमी असते, पण असतेच. विरजणातले जिवाणू दुधात वाढण्यात पटाईत. मांजराच्या आतड्यात ते टिकून राहतील असे धरून चालता येत नाही. बोटावर चाटवण्याइतक्या ताज्या दह्याने काही बिघडणार नाही. त्याला औषध समजू नये एवढेच. ताक तर नकोच, त्यात मीठ-हिंग-जिरे असते. बाळाला गुटीत जायफळ उगाळून देतात म्हणून पिल्लालाही देणारे लोक आहेत; तेही करू नये.

माणसाच्या गोळ्यांबद्दल जरा कडक बोलतो. जुलाब थांबवणारी गोळी आतड्याची हालचाल थांबवते. जंत, विषाणू, घाण सगळे आतच राहते, आणि दोन दिवस "बरे वाटले" असे दिसते. पत्रात लिहिल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच होते, त्याचे कारण हे. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळी तर मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. ते औषध निकामी करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. घरात उरलेले जिवाणूनाशकही पाव-अर्धे करून देऊ नये. साध्या हगवणीत त्याने उपयुक्त जिवाणूंचीच कत्तल होते.

काही लक्षणे दिसली तर मात्र पुडी, कोंबडी, काहीच करीत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा: शीत रक्त, वारंवार ओकारी, अन्नाला तोंड न लावणे, ताप किंवा अंग थंड, हिरड्या पांढऱ्या फटक. पॅनल्यूकोपेनिया नावाचा विषाणूचा रोग असतो, कुत्र्यांच्या पार्व्होचा सख्खा नातलग. तो एक-दोन दिवसांत पिल्लू नेतो. त्यावर लस आहे. सहा ते आठ आठवड्यांपासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, चार महिन्यांचे होईपर्यंत टोचतात. पुढे रेबीजची लसही टोचावी. हगवण चालू असताना मात्र लस घ्यावी की थांबावे, हे पशुवैद्यकांना विचारावे.

गावी कधी न्यावे, असेही पत्रात विचारले आहे. शी बांधून आल्यावर निदान आठवडाभर थांबावे. रात्रभराचा गाडीचा प्रवास, नवी जागा, नवे पाणी, याने बरे झालेले पोटही पुन्हा बिघडते. जाताना इथले खाद्य आठ दिवस पुरेल इतके बरोबर न्यावे. आणि गावी कळवून ठेवावे की पिल्लू येणार असेल तर घरात उंदरांचे विष ठेवू नका. झिंक फॉस्फाईडचे आमिष पिल्लूच खाईल. ब्रोमॅडिओलोन खाऊन अर्धमेला झालेला उंदीर मांजराने खाल्ला तर तेही मरते. विष तरी किंवा मांजर तरी. पाच-सहा महिन्यांच्या आत त्याच्याकडून शिकारीची अपेक्षा करू नये, आणि घूस हे मांजराचे काम नव्हे. कणगीला पत्रा आणि खाली दगडी उखळ्या लागतातच.

शेवटी घरच्या माणसांचे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली, हे कुर्लेकरांना ठाऊक आहे. भातलावणीत चिखलात उभे राहणाऱ्यांनाही तो रोग नवा नाही. पिल्लाच्या शीतूनही काही रोग माणसाकडे येतात. गोल जंतांची अंडी मातीत पडून राहतात आणि मुलांच्या हातातून पोटात जातात. म्हणून पिल्लासाठी टोपलीत वाळू किंवा राख ठेवावी, ती रोज बदलावी, काढलेली घाण परसातल्या भाजीच्या वाफ्यात न टाकता लांब खड्ड्यात पुरावी, आणि हात साबणाने धुवावेत. घरात गरोदर बाई असेल तर हे काम तिला सांगू नये. मांजराच्या शीतून येणारा टोक्सोप्लाझ्मा पोटातल्या बाळाला बाधतो. ते काम घरच्या पुरुषाने करावे.